अरबी अक्षरांची चिप

कतार सप्टेंबर १९७१मध्ये स्वतंत्र झाला. त्याच वर्षी इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी घडवलेली १७०२ ही ईप्रॉम, म्हणजे मजकूर पुसून पुन्हा लिहिता येणारी मेमरी चिप, बाजारात आली. तिच्यात जेमतेम २५६ बाइट मावत. खाडीच्या देशांत पुढे अरबी लिहिणारे घरगुती संगणक आले, ते वीज गेली तरी मजकूर न विसरणाऱ्या चिपांच्या बळावर.

अरबी लिपी चिपेत बसवणे सोपे नव्हते. तिच्या २८ अक्षरांपैकी २२ अक्षरे शब्दातल्या जागेप्रमाणे चार रूपे घेतात, उरलेली सहा दोनच. म्हणजे आकार झाले शंभर. आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीतल्या एका आकाराला ८ बाइट लागतात. अंक, विरामचिन्हे, रोमन अक्षरे धरून २५६ चिन्हे घेतली तर २०४८ बाइट. १९७७च्या सुमाराची २७१६ ही चिप नेमकी एवढीच.

कुवेतचे मोहम्मद अल-शारिख यांनी १९८२मध्ये सुरू केलेल्या ‘सख्र’ कंपनीने हे काम घरोघरी नेले. १९८३मध्ये जपानमध्ये ठरलेल्या एमएसएक्स या घरगुती संगणकांच्या मानकाच्या यंत्रांत त्यांनी अरबी बसवली. १९९०च्या इराकी आक्रमणानंतर कंपनीचे काम कैरोत हलले. आज दोहातील कतार कॉम्प्युटिंग रिसर्च इन्स्टिट्यूटचे ‘फरासा’ अरबी शब्दांची फोड करते, आणि अक्षरांची रूपे सॉफ्टवेअरच जुळवते. जुन्या यंत्रांची अक्षरे मात्र चिपेतच आहेत. ती चिप बहुधा कारखान्यातच कोरलेली असते, पुन्हा लिहिता येत नाही. निकामी झाली की दुसऱ्या चालू यंत्रातून मजकूर वाचून नव्या ईप्रॉमवर उतरवावा लागतो.

इथे चिपांची जुनी कागदपत्रे लागतात, आणि ती बहुधा जपानी किंवा इंग्रजी असतात; बदली चिप सोव्हिएत असेल तर रशियन. भाषा येत नसली तरी पायांचे क्रमांक, व्होल्ट आणि वेळेचे आलेख वाचता येतात. पण नुसत्या नंबरावर विसंबणे धोक्याचे. वाचताना इंटेलच्या २७१६ला एकच ५ व्होल्टचा पुरवठा पुरतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या त्याच नंबरच्या चिपेला तीन वेगळे लागतात. सोव्हिएत चिपेच्या नावातली ‘आर-एफ’ ही रशियन अक्षरे ती अतिनील प्रकाशाने पुसली जाते हे सांगतात, तर ‘आर-टी’ असेल तर ती एकदाच लिहायची. ही दोन अक्षरे ओळखता आली तरी एक चिप वाचते.

कोऱ्या २७१६मध्ये सगळीकडे १ असतात. लिहिणे म्हणजे निवडक जागी ० करणे. इंटेलच्या २७१६वर २५ व्होल्ट देऊन प्रत्येक बाइटला ५० मिलिसेकंद लागतात, सगळी भरायला साधारण पावणेदोन मिनिटे. पुसायला क्वार्ट्झच्या खिडकीतून अतिनील दिव्याचा पंधरा-वीस मिनिटांचा प्रकाश. थेट ऊनही हेच काम साधारण आठवड्यात करते. म्हणून लिहून झाल्यावर खिडकीवर अपारदर्शक पट्टी चिकटवतात, आणि कतारच्या उन्हात ती विसरून चालत नाही.