दूध तोडणे आणि पुढील गर्भधारणा

मूल अंगावर पीत असतानाच आईला पुढील अपत्याची इच्छा असल्यास स्तनपान थांबवावे की चालू ठेवावे, हा प्रसूतिशास्त्र आणि बालसंगोपन या दोहोंशी संबंधित प्रश्न आहे. मुलाचे स्तनपान बंद करण्याला मराठीत ‘दूध तोडणे’ किंवा ‘अंगावरून सोडवणे’ म्हणतात. स्तनपानामुळे गर्भधारणा लांबू शकते हे खरे. तथापि त्यासाठी दूध पूर्ण तोडणे प्रत्येक स्त्रीस आवश्यक नसते.

शरीरक्रिया

मूल चोखू लागले की पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे दुग्धनिर्मितीचे संप्रेरक स्रवते. त्याच वेळी अंडाशयाला चालना देणाऱ्या संप्रेरकांचे स्रवण मंदावते. परिणामी अंडमोचन होत नाही व मासिक पाळी येत नाही. यात चोखण्याची वारंवारता विशेष महत्त्वाची असते. कालाहारी प्रदेशातील कुंग लोकांविषयी मेल्विन कॉनर आणि कॅरल वर्थमन यांचा अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. या माता मुलाला तासातून अनेकदा, थोडे थोडे पाजत. त्यांच्या दोन अपत्यांमध्ये सरासरी सुमारे ४४ महिन्यांचे अंतर आढळले.

इटलीतील बेलाजिओ येथे १९८८ मध्ये तज्ज्ञांनी असा निष्कर्ष काढला की, पाळी परतलेली नसेल, मूल पूर्णतः किंवा जवळजवळ पूर्णतः अंगावर पीत असेल आणि ते सहा महिन्यांच्या आतील असेल, तर गर्भधारणेपासून सुमारे ९८ टक्के संरक्षण मिळते. चालत्याबोलत्या मुलाच्या आईला हा निकष लागू होत नाही. पहिल्या पाळीपूर्वीच अंडमोचन होऊ शकते. ‘पाळी नाही, म्हणजे दिवस राहणार नाहीत’ हा समज म्हणूनच फसवा आहे.

दूध कमी करणे

पाळी नियमित झाली असल्यास बहुतेक स्त्रियांना स्तनपान चालू ठेवूनही गर्भधारणा होऊ शकते. ती परतली नसल्यास पाजण्याच्या वेळा, विशेषतः रात्रीच्या, कमी करणे पुष्कळदा पुरते. एक वेळ बंद केल्यावर काही दिवस थांबून दुसरी बंद करावी. एकाएकी तोडल्यास दूध साचून गाठी व स्तनदाह होऊ शकतो. स्तनाग्रांना कडुलिंबाचा रस लावणे किंवा मुलाला काही दिवस आजोळी ठेवणे हे जुने उपाय आहेत. त्यांनी दूध तुटते, पण मुलाला आईच दुरावल्यासारखे वाटते. दुसऱ्या बाजूस, पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीपाशी वाट पाहण्यास वेळ थोडा असतो. तिला केवळ ‘पाजत राहा’ एवढेच सांगणे अपुरे होय.

थोरल्या मुलाचे पोषण

घाईने दूध तोडण्यातील धोका एका रोगाच्या नावातच नोंदलेला आहे. सिसिली विल्यम्स या डॉक्टरांनी १९३३ मध्ये गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना, येथील मुलांमधील सूज व त्वचाविकारांचे वर्णन केले आणि १९३५ मध्ये त्यासाठी ‘क्वाशिओरकोर’ हे स्थानिक गा भाषेतील नाव वापरले. धाकटे आल्यावर थोरल्याला जडणारा आजार, असा त्याचा अर्थ. आईचे दूध तुटलेली ही मुले मुख्यतः मक्याच्या पेजेवर वाढत होती. म्हणून दूध कमी करण्यापूर्वी वरण-भात, नाचणी, अंडी, दही असा आहार मुलाच्या अंगवळणी पडलेला असावा. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षे व त्यापुढेही स्तनपानाची शिफारस करते; प्रसूतीनंतर पुढील गर्भधारणेसाठी किमान २४ महिने थांबावे, असेही तिने सुचवले आहे.

गरोदरपणातील स्तनपान

गरोदर आईचे दूध मुलाला बाधते, ही समजूत निराधार आहे. मात्र गरोदरपणात दूध कमी होते, त्याची चव बदलते आणि काही मुले आपणहून पिणे सोडतात. चोखण्याने स्रवणाऱ्या ऑक्सिटोसिनमुळे गर्भाशय किंचित आकुंचन पावते. निरोगी गरोदरपणात त्याने सहसा अपाय होत नाही. पूर्वी अकाली प्रसूती झाली असल्यास, रक्तस्राव होत असल्यास किंवा जुळी असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. प्रसूतीनंतरही थोरले पीत असेल, तर पहिल्या दिवसांतील चीक नवजाताला आधी पाजावा.