टेंभुर्णे : एका विरळ आडनावाचा शोध

पूर्व विदर्भातील बौद्ध समाजाचा इतिहास लिहावयास बसणाऱ्या अभ्यासकापुढे पहिला प्रश्न साधनांचा उभा राहतो. या समाजाच्या वंशावळी कोणा भाटाने लिहून ठेवल्या नाहीत. पूर्वजांच्या हाती लेखणी नव्हती, आणि ज्यांच्या हाती ती होती त्यांनी महारवाड्यातील माणसाची नोंद बहुधा नाव, बापाचे नाव व जात एवढ्यापुरतीच केली. अशा स्थितीत पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेले आडनाव हे इतिहासाचे एक मोलाचे साधन ठरते. मात्र साधन म्हटले की त्याची चिकित्सा आली. आणि आडनावांच्या बाबतीत आपल्याकडे चिकित्सेपेक्षा कल्पनाविलासच अधिक झाला आहे.

गोंदिया जिल्ह्यात मेश्राम, रामटेके, गजभिये, बोरकर, शहारे, खोब्रागडे ही आडनावे पावलोपावली भेटतात. त्या मानाने विरळ असे ‘टेंभुर्णे’ हे आडनाव आम्ही प्रस्तुत लेखात विचारासाठी घेतले आहे. ते गोंदिया-भंडाऱ्यापासून नागपूर, गडचिरोली व चंद्रपूरपर्यंत आढळते. आडनाव हा रक्ताचा दाखला नाही, तो पूर्वजांचा पत्ता आहे, आणि पत्ता म्हणूनच त्याची जपणूक व्हावयास हवी, हे या निमित्ताने आम्हांस सांगावयाचे आहे.

झाड आणि शब्द

टेंभुर्णी हे आपल्या रानातील ओळखीचे झाड होय. वनस्पतिशास्त्रात त्याला डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन म्हणतात. त्याचे पान विडी वळण्यासाठी लागते आणि त्याचे पिवळे, गोड फळ झाडीपट्टीत ‘टेंभरं’ या नावाने खाल्ले जाते. परंतु एप्रिल-मे महिन्यांत देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या भागांत पानांचा हंगाम सुरू झाला की सर्वांच्या तोंडी शब्द असतो तो ‘तेंदूपत्ता’. ठेकेदाराच्या वहीत तेंदू, फळीवर तेंदू, सरकारी कागदातही तेंदूच. महाराष्ट्रात १९६९ च्या वनोपज व्यापार विनियमन कायद्याने या पानांचा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आला, तेव्हा कायद्याच्या व्यवहारातही हाच शब्द रूढ झाला. टेंभुर्णी हा मराठी शब्द व्यापारातून मागे सरला आणि गावाच्या नावात, फळाच्या नावात व आडनावात टिकून राहिला.

पालीच्या अभ्यासकास हे दोन्ही शब्द परिचयाचे वाटतील. पाली वाङ्मयात या वर्गातील झाडांसाठी ‘तिन्दुक’ आणि ‘तिम्बरु’ किंवा ‘तिम्बरूसक’ असे शब्द येतात. दीघनिकायातील पोट्ठपाद सुत्त श्रावस्तीच्या ज्या मल्लिकारामात घडते, त्या वादविवादाच्या स्थानाचे नाव ‘तिन्दुकाचीर’ आहे. सुत्तनिपाताच्या पराभव सुत्तात तिम्बरु फळाची उपमा आहे. सक्कपञ्ह सुत्तात तिम्बरु नावाचा गंधर्वराज आहे. तिन्दुकाच्या घराण्यातून हिंदीतील तेंदू आला. तिम्बरु आणि संस्कृत तुम्बुरु यांच्या घराण्याशी मराठी टेंभुर्णी, टेमरू आणि गुजराती टिमरू जुळतात. दक्षिणेकडे तेलुगूत याच झाडाला तुमिकी किंवा तुनिकी आणि गोंडीत तुमरी म्हणतात. गोंदियाचा मुलूख मराठी, हिंदी व गोंडी या भाषांच्या सीमेवर वसलेला आहे. त्यामुळे एकाच झाडाची दोन प्राचीन नावे येथे आजही शेजारी शेजारी नांदतात : एक बाजारात, दुसरे घराच्या उंबरठ्यावर.

झाड, गाव, माणूस

झाडावरून आडनाव दोन मार्गांनी येऊ शकते. झाड हेच कुळाचे चिन्ह मानले जाते, हा पहिला मार्ग. झाडावरून गावाला नाव पडते आणि गाव सोडून गेलेल्या माणसाला त्या गावावरून ओळखले जाते, हा दुसरा. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात झाडे, प्राणी, गावे आणि हुद्दे यांवरून पडलेल्या कुळनावांची नोंद पुष्कळ जातींच्या संदर्भात केली आहे. तेव्हा दोन्ही शक्यता विचारात घ्यावयास हव्यात.

आमच्या मते टेंभुर्णे हे गावावरून आलेले आडनाव आहे, आणि त्याचे प्रमाण शब्दाच्या घडणीतच आहे. पश्चिम महाराष्ट्रात गावावरून आडनाव होताना ‘कर’ हा प्रत्यय लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचे कुळनाम सकपाळ. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे या मूळ गावावरून आंबडवेकर व पुढे आंबेडकर. नागपूर-भंडारा भागात ‘कर’ चालतोच, पण त्याच्या जोडीला दुसरी एक रीत आहे. रामटेकचा माणूस तो रामटेक्या. त्याचा आदरार्थी उल्लेख रामटेके. याच न्यायाने टेंभुर्णीचा तो टेंभुर्णे. झाडावरूनच नाव पडले असते, तर या अंत्य एकाराचा उलगडा इतक्या सहज झाला नसता. जिल्ह्यातील पोवार समाजात ‘टेंभरे’ हे कुळनाम आहे. ध्वनी जवळचा असला तरी दोन आडनावांचे घराणे एक मानण्याचे कारण नाही. एकाच रानात राहणाऱ्या दोन समाजांच्या ओठी एकाच झाडाचे नाव असणे स्वाभाविक आहे.

झाडावरून गावाचे नाव पडण्याची प्रथा येथे मुबलक आहे. आमगाव, अर्जुनी, चिचगड ही जिल्ह्यातील नावेच आंबा, अर्जुन आणि चिंच यांची आठवण देतात. टेंभुर्णी नावाची गावे तर महाराष्ट्रभर विखुरलेली आहेत : सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात एक, जालना जिल्ह्यात जाफ्राबाद तालुक्यात एक. उत्तरेस मध्य प्रदेशात दमोह व नरसिंहपूर या जिल्ह्यांत ‘तेंदूखेडा’ आहे. तेथे झाडाचे नाव बदलले, गावाची रीत तीच राहिली.

जातककथांतील १७७ वे जातक ‘तिन्दुक जातक’ आहे. त्यात सीमेवरच्या एका गावाच्या मधोमध गोड फळांचे तिन्दुकाचे झाड आहे. हे गाव कधी वसलेले असते, कधी ओस. झाडीपट्टीच्या रहिवाशाला हे वर्णन परके वाटणार नाही. आपल्याकडे ओस पडलेल्या गावाला ‘रिठी’ म्हणतात आणि महसुली दप्तरांत अशा रिठ्या नावानिशी नोंदलेल्या आहेत. दुष्काळ, रोगराई, मालगुजाराचा जाच, तलाव फुटणे, अशा कारणांनी गाव उठते, झाड तोडले जाते; पण गाव सोडून गेलेल्या माणसाच्या नावामागे गाव चिकटून राहते. म्हणून टेंभुर्णे घराण्याचे मूळ गाव आजच्या नकाशावर शोधताना रिठ्यांची यादीही पाहिली पाहिजे.

येथे एक निष्कर्ष निघतो, तो महत्त्वाचा आहे. टेंभुर्णी गावे अनेक असल्याने टेंभुर्णे घराणीही मुळात अनेक असू शकतात. पूर्व विदर्भात एकाच आडनावाची माणसे परस्परांस भाऊबंद मानतात व त्यांच्यात सोयरीक करीत नाहीत. गावाचे नाव अशा रीतीने गोत्राचे काम करू लागले. रक्ताचा संबंध नसलेली दोन घराणी केवळ नामसाम्याने भाऊकीत आली, असेही घडले असणार. मेश्राम हे आडनाव बौद्धांत आहे आणि गोंडांतही आहे. आदिलाबाद जिल्ह्यातील केसलापूरच्या नागोबा जत्रेचा मान गोंडांच्या मेश्राम कुळाकडे आहे. आडनाव एक म्हणजे वंश एक, हे समीकरण येथे टिकत नाही.

त्याचप्रमाणे नागदेवे, नागपुरे अशा आडनावांतील ‘नाग’ पाहून लगेच नागवंशाचा निर्वाळा देण्याचा मोह टाळावयास हवा. नाग लोकांनी बौद्ध धम्माचा प्रसार केला, हे बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील भाषणात सांगितले. त्यापूर्वी १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी नागांविषयीचे विवेचन पुराव्यांच्या आधारे मांडले होते. वैनगंगेकाठी पवनी येथे १९६९-७० साली झालेल्या उत्खननात स्तूपाचे अवशेष आणि मुचलिंद नागाचे शिल्प मिळाले. हे पुरावे भक्कम आहेत. त्यांना आडनावांच्या ध्वनिसाम्याचा टेकू देण्याची गरज नाही. तसा टेकू दिल्याने भक्कम पुरावाच दुबळा दिसू लागतो.

प्रसाराच्या वाटा

जनगणनेच्या प्रकाशित तक्त्यांत धर्म व जात असते, आडनाव नसते. म्हणून आडनावाचा प्रसार रोजगाराच्या वाटांवरून पाहावा लागतो. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वे धावू लागली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून जबलपूरकडे व नागभीडकडे लहान रेल्वेचे फाटे गेले. त्याच शतकाच्या पूर्वार्धात गोंदिया, तिरोडा, भंडारा येथे विडीचे कारखाने वाढले. महार कुटुंबे शेतमजुरीतून विडीकडे, विडीतून रेल्वेकडे व गिरणीकडे वळली. ज्या झाडावरून आडनाव पडले त्याच झाडाचे पान वळून अनेक मातांनी मुलांच्या शाळेची फी भरली. पुढे भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि पूर्वेकडची वाट अधिक रुंद झाली.

१९५६ हे वर्ष या संदर्भात दुहेरी अर्थाने निर्णायक आहे. १४ ऑक्टोबर रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर रोजी, राज्य पुनर्रचना अंमलात आली. भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, बालाघाट आणि दुर्ग-राजनांदगावचा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. ज्या भंडारा मतदारसंघातून बाबासाहेबांनी १९५४ साली लोकसभेची पोटनिवडणूक लढविली होती, त्याच्या शेजारच्या गावांतील सोयरेधायरे आता परराज्यातील झाले. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, २००० साली छत्तीसगड राज्य झाले. आडनाव जेथल्या तेथे राहिले. त्याच्यावरून सीमा मात्र तीन वेळा फिरल्या.

कागदावरील आडनाव

हा विषय केवळ जिज्ञासेचा नाही. १९९० साली केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मान्य केल्या. महाराष्ट्रात २००० च्या कायद्यानुसार जातीच्या दाखल्याची पडताळणी होते, आणि त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा पुढे करावा लागतो. तेथे आजोबांचे कोतवाल बुकातील नाव किंवा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील नोंद निघते. कोतवाल बुकात पुष्कळदा आडनावच नसते. जेथे असते तेथे टेंभुर्णे, टेंभूर्णे, टेंबुर्णे, टेमुर्णे अशी रूपे दिसतात. हिंदी शिक्षकाच्या हातून तेच ‘टेंभुरने’ होते. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे, हेही लक्षात घ्यावे. ही सर्व रूपे एकाच उच्चाराची आहेत, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास क्षणात पटते. पण नातवाला प्रवेश हवा असतो तेव्हा तेवढ्या फरकावर प्रतिज्ञापत्रे आणि हेलपाटे सुरू होतात. आडनावाच्या लेखनभेदांची पद्धतशीर नोंद आपल्या संस्थांनी केली, तर ती विद्येची सेवा होईल आणि विद्यार्थ्यांचीही.

नामगोत्राचा विचार

आडनाव ठेवावे की बदलावे, हा प्रश्न आपल्या घरांतून नेहमी विचारला जातो. आडनाव ऐकताच जात ओळखणारे कान अजून मिटलेले नाहीत. म्हणून काहींनी राजपत्रात जाहिरात देऊन ते बदलले, काहींनी गौतम, बोधी, शाक्य अशी नावे स्वीकारली. यात दोष देण्यासारखे काही नाही. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात तथागतांनी नाम आणि गोत्र ही लोकव्यवहारात ठरविलेली संज्ञा असल्याचे सांगितले आहे. अंगुत्तरनिकायातील पहाराद सुत्तात नद्या समुद्रास मिळताच आपली नावे टाकतात तसे चारही वर्णांचे लोक संघात येऊन पूर्वीचे नामगोत्र टाकतात, अशी उपमा आहे. बाबासाहेबांनी नागपूरच्या भाषणात तीच सांगितली. ब्रह्मदेशात आजही आडनावाची प्रथा नाही, आणि थायलंडमध्ये ती १९१३ च्या कायद्याने आली. आडनावाशिवाय धम्माचे काही अडले नाही.

परंतु त्याच परंपरेत दुसरीही एक रीत आहे. भारहूतच्या पहिल्या स्तंभाची दात्री चापदेवा ही विदिशेची असल्याचे लेखात कोरलेले आहे. कार्ल्याच्या लेखात भूतपाल श्रेष्ठीच्या आधी वैजयंती या गावाचे नाव येते. सांचीच्या दानलेखांत उज्जयिनी, नंदिनगर अशा ठिकाणांचे उपासक-उपासिका भेटतात. गावाने ओळख सांगणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. त्यांची गावे नोंदलेली होती म्हणूनच प्राचीन बौद्ध समाजाचा भूगोल आज आपण रेखाटू शकतो.

टेंभुर्णे हे आडनाव त्याच प्रकारचे आहे. त्यात उच्चनीचतेची खूण नाही. एक झाड आहे, एक गाव आहे आणि ते गाव सोडून निघालेला एक माणूस आहे. ज्यास ते बदलावयाचे असेल त्याने खुशाल बदलावे. मात्र बदलण्यापूर्वी घरातील वृद्धांना विचारून मूळ गाव, तेथून निघण्याचे कारण, वाटेतील मुक्काम, सोयरिकीची गावे आणि जुन्या कागदांतील लेखनरूपे एका वहीत लिहून ठेवावीत आणि त्या वहीची एक प्रत आपल्या गावच्या विहारात द्यावी. दहा-वीस विहारांत अशा वह्या जमल्या, की गोंदिया जिल्ह्यातील बौद्धांचा इतिहास लिहिणाऱ्यास साधनांची वाण पडणार नाही.