येसर
१. येसर : नांदेड-लातूर भागात उन्हाळ्यात, विशेषतः लग्नकार्याच्या आधी, घरोघरी दळले जाणारे हे कोरडे पीठ नुसता मसाला नव्हे, कारण त्यात हरभऱ्याची व उडदाची डाळ, गहू आणि घरच्या रिवाजाप्रमाणे ज्वारी किंवा बाजरी भाजून घातलेली असते, आणि धने, जिरे, लवंग, दगडफूल (खडकांवर व झाडांच्या सालींवर वाढणारे, भाजल्यावर सुवास देणारे शैवाक, म्हणजे बुरशी व शैवाल यांचे सहजीवन) हे जिन्नस त्यानंतर येतात. प्रत्येक जिन्नस निराळा भाजावा लागतो, कारण डाळ खमंग होईपर्यंत जिरे करपते व सबंध डबा कडवट करते. फोडणीच्या उकळत्या पाण्यात कालवलेले येसर सोडले की धान्यातील पिठूळ अंशामुळे आमटी वाटणाशिवाय दाट होते. काळा मसाला हे काम करू शकत नाही, तेव्हा एकाऐवजी दुसरे सुचवणे गैरच. परदेशी पदार्थांशी तुलना करायची तर इथिओपियाचा ‘बर्बरे’, म्हणजे मिरची, मेथी व कोरारिमा या वेलचीच्या कुळातील बियांचे मिश्रण, काळ्या मसाल्याच्या पंक्तीत बसतो. येसराचा खरा भाऊबंद तिथला ‘शिरो’, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचे वा वाटाण्याचे मसालेदार पीठ, जे पाण्यात शिजवून टेफ या बारीक धान्याच्या आंबवलेल्या ‘इंजेरा’ या पोळीसोबत खातात.