एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही

परवा माढ्यातल्याच एका दुकानातून मिक्सर घेतला. घरी लावला तर भांडं गळतंय. दुसऱ्या दिवशी परत नेला, तर मालकानं नुसतं भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. पाटी कुठली ते वर लिहिलंच आहे. "कंपनीचं सर्व्हिस सेंटर सोलापूरला आहे, तिकडं जावा." दुकानाचं नाव लिहीत नाही. ही पाटी काय एकाच दुकानात आहे का?

आमची आजी सांगायची, पूर्वी किराणावाला वहीवर माल द्यायचा, ज्वारीची रास झाली की पैसे. सोबतच्या पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. खरंच आहे. पण भाव मालक सांगेल तो, आणि मापात पाप असलं तरी उधारीवाला बोलणार काय? जुन्या दुकानदारीचं कौतुक करताना हे आपण सोयीनं विसरतो. १९५६ च्या कायद्यानंतर शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले, तेही टप्प्याटप्प्यानं.

गिऱ्हाईकानं एकत्र येऊन बोलावं, हा विचार आपल्याच महाराष्ट्रात रुजला. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिथं शेजारपाजारची कुटुंबं संघ करून महिन्याची यादी देतात, माल घाऊक येतो, वाटप स्वतःच करतात. देशात ग्राहक संरक्षण कायदा आला तो १९८६ ला. २४ डिसेंबरला ग्राहक दिन असतो तो त्याचाच.

आता २०१९ चा नवा कायदा आहे. पावतीवर मुदत लिहिलेली नसेल, तर खराब निघालेली वस्तू ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा. पावती न देणं हीसुद्धा. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगाकडं करायला फी नाही.

दुकानदार मित्र म्हणतात, ऑनलाइननं धंदा खाल्ला. भाडं, लाइट बिल, कामगार, त्यांचंही खरं आहे. पण ऑनलाइनवाला खराब वस्तू दारातून परत नेतो, आणि आमचा ओळखीचा माणूस पाटी दाखवतो. मग बायकापोरांनी मोबाईलवरून मागवलं तर राग कुणावर काढायचा?

मी पक्की पावती आणि मोबाईलवर कायद्याचं कलम घेऊन पुन्हा गेलो. मालकानं भांडं बदलून दिलं, वर चहा मागवला. पाटी अजून तिथंच आहे.