प्रमाद आणि शेवट

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यापासून नागपूरचे जामठा मैदान दूर असले, तरी विदर्भाचा रणजी संघ येथेही आपलाच. त्यामुळे २०२५ च्या अंतिम सामन्यातील विजय आपण अभिमानाने सांगतो. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र त्यातील प्रमादांकडेही पाहावे.

पहिल्या डावात विदर्भाची अवस्था ३ बाद २४ होती. दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ धावांची भागीदारी करून डाव सावरला. पण चोरट्या धावेच्या गोंधळात नायर ८६ वर धावबाद झाला. विदर्भाच्या ३७९ धावांना केरळ उत्तर देत असताना त्यांचा कर्णधार सचिन बेबी ९८ वर उंच फटका मारून बाद झाला. झेल घेणारा नायरच. केरळचा डाव ३४२ वर आटोपला. पुढे ३१ वर नायरला जीवदान मिळाले. त्याने १३५ धावा केल्या. सामना अनिर्णित राहिला आणि ३७ धावांच्या आघाडीने विदर्भाला तिसरे विजेतेपद मिळाले. प्रथमच अंतिम फेरी गाठलेल्या केरळच्या पदरी हळहळ आली.

बेबीने दोष स्वतःकडे घेतला. नायरच्या धावबादाबद्दल मात्र जाब विचारला गेला नाही. शोकात्म नायकाच्या पतनाचे मूळ अॅरिस्टॉटलने दुष्टपणात नव्हे, प्रमादात पाहिले. परंतु कोणता प्रमाद लक्षात राहावा, हे कथेचा शेवट ठरवतो. आपण जिंकलो, म्हणून आपली चूक विसरता आली, एवढे तरी आपण मान्य करावे.