अलेक्झांडरचे नऊ विजय

१२ ऑगस्ट १९८७ रोजी अमेरिकेतील डेट्रॉइट टायगर्स या बेसबॉल संघाने अटलांटा ब्रेव्ह्‌ज संघाशी एक सौदा केला. डेट्रॉइटला मिळाला डोयल अलेक्झांडर, वय ३६, बारा संघांचे पाणी प्यायलेला म्हणावा असा पिचर. बदल्यात अटलांटाला गेला जॉन स्मोल्ट्झ, वय २०, वरच्या लीगचे तोंडही न पाहिलेला पोरगा.

पिचर म्हणजे आपला गोलंदाजच म्हणा, पण सामन्याचा भार त्याच्यावर कितीतरी अधिक. साठ फूट सहा इंचांवरून तो शंभराच्या घरात चेंडू फेकतो आणि मग चार-पाच दिवस त्याचा खांदा विश्रांती मागतो. संघाची सर्वांत मोलाची आणि सर्वांत नाशवंत मालमत्ता ती हीच.

पूर्वी हा वाद पैशाचा नव्हता. करारातील राखीव कलमामुळे खेळाडू मालकाच्या दावणीलाच बांधलेला असे. डिसेंबर १९७५ मध्ये पीटर साइट्झ या लवादाने मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन पिचरांच्या बाजूने निवाडा दिला आणि दावे तुटले. मात्र १९७६ च्या समझोत्यात सहा वर्षांच्या सेवेनंतरच मोकळीक, असे ठरले. मेख आहे ती इथे. सुरुवातीची वर्षे पोरगा स्वस्त, पुढे बाजारभाव. तरुण की मुरलेला, हा प्रश्न मैदानावरचा दिसत असला तरी तेव्हापासून तो वहीखात्यातला झाला आहे.

तरुणावर भिस्त ठेवण्याचा अनुभव डेट्रॉइटने घेतला होता. १९७६ साली मार्क फिड्रिच हा एकवीस वर्षांचा, चेंडूशी बोलणारा, स्वतःच्या हातांनी माती सारखी करणारा अवलिया १९ सामने जिंकून गेला. त्यांतले २४ सामने त्याने अखेरपर्यंत एकहाती टाकले (हरलेले धरून, अर्थात). पुढच्या वर्षी आधी गुडघा, मग खांदा. उरलेल्या सगळ्या कारकिर्दीत त्याला आणखी फक्त दहा विजय मिळाले. कोवळ्या खांद्याला एवढे जुंपले कोणी, हे विचारायला तेव्हा कुणाला सुचले नाही.

अलेक्झांडर आला आणि ९ सामने जिंकला, एकही हरला नाही. डेट्रॉइटने आपला विभाग टोरांटोवर अवघ्या दोन सामन्यांची आघाडी घेऊन जिंकला. म्हणजे हे नऊ काढले तर काय उरते ते वाचकांनीच पाहावे. पुढच्या फेरीत मात्र मिनेसोटाने त्यांना ४-१ असे लोळवले. त्यांतले दोन पराभव अलेक्झांडरच्याच नावावर.

स्मोल्ट्झने पुढे २१३ विजय मिळवले, १९९६ चा साय यंग पुरस्कार घेतला, कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर सामने मिटवणाऱ्याची भूमिका पत्करून २००२ साली ५५ सामने राखले, आणि २०१५ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. तो मुळात मिशिगनचाच, लहानपणापासून टायगर्सचा भक्त. डेट्रॉइटकरांना हे फार झोंबते.

तरीही सौदा मूर्खपणाचा होता, असे मला वाटत नाही. १९८७ साली हा पोरगा दुय्यम लीगमध्ये ४ जिंकून १० हरला होता. त्याच्यात काय दडले आहे हे अटलांटालाही पुरते कळलेले नसावे. पहिल्या हंगामात तो २ जिंकला, ७ हरला. चुकीचे काही असेल तर एका उदाहरणावरून नियम काढणे. ह्यूस्टनने १९८८ अखेर नोलन रायन या एक्केचाळिशीच्या पिचरला मानधनात कपात सुचवली, तेव्हा वहीखाते त्यांच्याच बाजूने होते. रायन रागावून टेक्सास रेंजर्सकडे गेला.

१९८९ च्या हंगामात अलेक्झांडर ६ जिंकला, १८ हरला आणि निवृत्त झाला. स्मोल्ट्झची त्याच वर्षी ऑल-स्टार संघात निवड झाली. आणि बेचाळीस वर्षांच्या रायनने ३०१ फलंदाज बाद केले.