एका वेळी एकच

‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ असा आशीर्वाद देणाऱ्या आमच्या पूर्वजांच्या मनात ते आठ पुत्र एकाच प्रसूतीत यावेत असे खचितच नव्हते. वंध्यत्वावरील उपचारांच्या इतिहासात मात्र तेही घडले. २००९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात एक स्त्री एकदम आठ बालकांची माता झाली. तिच्या गर्भाशयात बारा भ्रूण सोडले होते. त्या डॉक्टरचा परवाना २०११ मध्ये रद्द झाला.

वास्तविक या विद्येचा आरंभ एकापासूनच झाला होता. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे, स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांच्या प्रयत्नांनी, शरीराबाहेरील फलनाचे पहिले मूल जन्मले, ते निसर्गक्रमाने पिकलेल्या एकाच स्त्रीबीजातून. पुढे औषधांनी एकाच वेळी अनेक बीजे मिळू लागली. यश अनिश्चित, खर्च भारी. म्हणून अनेक भ्रूण एकदम सोडण्याची रीत पडली. जुळ्या-तिळ्यांचे कौतुक झाले. परंतु अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची बालके आणि मातेच्या जिवाला होणारा धोका यांचा हिशेब त्या कौतुकात फारसा धरला गेला नाही.

उरलेले भ्रूण गोठवून राखता आले, तरच एकावर थांबण्याचे धैर्य येते. ही वाट कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी चोखाळली होती. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी जन्मलेली मुलगी त्यांच्या नोंदींप्रमाणे गोठवून ठेवलेल्या भ्रूणातून वाढली. सरकारी समितीने त्यांचा दावा अमान्य केला. १९८१ मध्ये त्यांनी जीवन संपवले. मुंबईत १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासह असेच यश मिळवणारे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी पुढे मुखोपाध्यायांचे कागद तपासले आणि १९९७ मध्ये भारतातील अग्रमान त्यांना दिला. स्वतःचा मान दुसऱ्याला देणारी अशी उदाहरणे आम्हांला विरळाच दिसतात.

२००४ मध्ये स्कँडिनेव्हियातील ६६१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटात दोन भ्रूण एकदम सोडले. दुसऱ्यात एक, आणि तो न रुजल्यास गोठवलेला एक. पहिल्या गटात शेकडा सुमारे ४३ स्त्रियांना अपत्यप्राप्ती झाली, दुसऱ्यात ३९. परंतु त्या प्रसूतींत जुळ्यांचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा ३३, तर दुसऱ्यात एकाहूनही कमी होते. बेल्जियमने २००३ पासून सहा प्रयत्नांचा प्रयोगशाळेचा खर्च उचलला आणि त्या बदल्यात छत्तिशीच्या आतील स्त्रीला पहिल्या खेपेस एकच भ्रूण, असा दंडक घातला.

आपल्याकडेही सरोगसीच्या २०२२ च्या नियमांत एकच भ्रूण सांगितला आहे. विशेष परिस्थितीत तीनपर्यंत मुभा आहे. पण दागिने मोडून एकच प्रयत्न करू शकणारे जोडपे ‘दोन सोडा’ असेच म्हणणार. दुसऱ्या प्रयत्नाची हमी मिळेल, तेव्हाच त्या जोडप्याला एकावर विश्वास ठेवता येईल, असे आम्हांला वाटते.